मोकळीक असती तर

३ ऑक्टोबर

आपली जहाजं तेराझ बंदरासमोर उभी आहेत आणि काल त्यांच्या तोफांनी किनाऱ्यावरची दोन ठाणी उडवली, हे मला आज सकाळी अंडी खाताना रेडिओवरून कळलं. मी अमेरिकेच्या सिनेटचा सभासद. इतकी वर्षं परराष्ट्र समितीवर बसतो आहे. आणि ही बातमी मला मक्याच्या भावानंतर आणि हवामानाच्या आधी ऐकायला मिळते.

अकराला व्हाइट हाउसमध्ये बोलावणं आलं. आम्ही आठ-दहा जण होतो. कॉफी, मोठा नकाशा, हातात छडी घेतलेला एक ॲडमिरल. अध्यक्ष आमच्याच पक्षाचे, चेहरा प्रसन्न. म्हणाले, "तुमच्याशी सल्लामसलत करायची होती." मी विचारलं, "आम्ही नको म्हटलं तर गोळे परत नळीत येणार आहेत का?" सगळे हसले. अध्यक्षही हसले. वरातीमागून घोडं म्हणतात ते आम्ही.

युद्ध करायचं की नाही हे ठरवायचा अधिकार घटनेनं आम्हाला दिला आणि सैन्य चालवायचा अध्यक्षांना. व्हिएतनाम निस्तरताना आम्ही कायदाही केला की सैन्य लढाईत घातलं तर अध्यक्षांनी आम्हाला कळवावं, आणि ठरल्या मुदतीत आमची परवानगी मिळाली नाही तर माणसं परत आणावीत. तेव्हा मी सिनेटमध्ये नवा होतो. वाटलं होतं, घोड्याला लगाम घातला. लगाम आहे अजून, खुंटीला टांगलेला.

ऑफिसात आलो तर व्हर्लीन टेबलाशी उभीच. व्हर्लीन होफर माझी सचिव. मी निवडून आलो तेव्हा साउथ डकोटाहून माझ्याबरोबर आली, ती आजतागायत. तिचा मुलगा डॅरिन मरीन सैनिक आहे आणि त्या जहाजांपैकी एकावर आहे. तिनंही रेडिओवरच ऐकलं होतं.

"उतरवणार का त्यांना किनाऱ्यावर?" तिनं विचारलं.

"आम्हाला विचारल्याशिवाय नाही," मी म्हणालो. "त्यासाठीच तर आम्ही आहोत, व्हर्लीन."

तिनं मान हलवली आणि कामाला लागली.

७ ऑक्टोबर

तीन दिवसांपूर्वी अध्यक्षांचं पत्र आलं. इतकं जपून लिहिलेलं, की त्यात सैन्य आहे, जहाजं आहेत, देवाची कृपा आहे, फक्त लढाई नाही. लढाईच नाही म्हटल्यावर मुदत सुरू होत नाही.

तेव्हा ठराव आणणं भाग होतं. मजकूर साधा: सिनेट आणि प्रतिनिधीगृह यांच्या संमतीशिवाय एकही सैनिक तेराझच्या किनाऱ्यावर उतरणार नाही. प्रतिनिधीगृहानं कालच मंजूर करून टाकला. आता सगळं आमच्यावर. व्हाइट हाउसचा एक माणूस खाजगीत बोलून गेला की साहेब ठरावावर सही करणार नाहीत, पण दोन्ही सभागृहांनी उघड नाही म्हटल्यावर माणसं उतरवायची त्यांची छाती होणार नाही.

आज माझं भाषण झालं. पाऊण तास बोललो. "आम्हाला विचारलं गेलं नाही," हे वाक्य मी चार वेळा आणलं आणि चारही वेळा गॅलरीतून टाळ्या आल्या. नंतर दोन वर्तमानपत्रांनी प्रत मागितली. व्हर्लीननं टाइप करून दिली. म्हणाली, "फार चांगलं बोललात, सिनेटर." मला बरं वाटलं. तिच्या तोंडून कौतुक सहसा निघत नाही. होफर मंडळी मेनोनाइट पंथाची, मोजकं बोलणारी, हातात शस्त्र न धरणारी. डॅरिन मरीनमध्ये गेला तेव्हा तिच्या वडिलांनी वर्षभर त्याचं नाव घेतलं नव्हतं.

११ ऑक्टोबर

दुपारी रॉइस गॅडी भेटला, सभागृहाच्या मागच्या खोलीत. मिसिसिपीचा. दुसऱ्या पक्षाचा, पण या लढाईच्या बाबतीत अध्यक्षांहून दोन पावलं पुढे. आम्ही भांडतो सभागृहात आणि जेवतो एकत्र. आज त्याचा चेहरा उतरलेला होता.

"इमोजीनच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे," म्हणाला. इमोजीन म्हणजे त्याची बायको. "मला आठवडाभर घरी जायला लागतंय रे, ऑल्डन. मला जोडी देशील?"

"दिली असं समज," मी म्हणालो.

"तेराझचं मध्येच आलं तर?"

"ते काय पुढच्या आठवड्यात येत नाही. आणि आलं तरी शब्द तो शब्द. जा तू. तिला माझा नमस्कार सांग."

ही जोडी म्हणजे आमच्याकडची फार जुनी रीत. एखाद्याला जावं लागलं, तर विरुद्ध बाजूचा कोणी हजर राहूनही आपलं मत देत नाही. दोघांची मतं फिटतात आणि गेलेल्याचं नुकसान होत नाही. कुठंही लेखी नाही. सगळा हातात हात देण्याचा मामला. आजकालच्या पोरांना हे कळत नाही; त्यांना सभागृह म्हणजे कुस्तीचा आखाडा वाटतो. रॉइसचे डोळे भरून आले होते. दिवसभरात एवढं एक काम चांगलं झालं.

१३ ऑक्टोबर

तो व्हाइट हाउसवाला आज ऑफिसात आला. तरुण, गुळगुळीत, बूट आरशासारखे. डॅरिनचा फोटो बघून व्हर्लीनला म्हणाला, "अभिमान वाटत असेल नाही?" ती म्हणाली, "काळजी वाटते."

आत येऊन त्यानं कॉटनवुड कालव्याची गोष्ट काढली. माझ्या राज्यातले शेतकरी पंधरा वर्षं त्या पाण्याची वाट बघताहेत, आणि पुढच्या वर्षी माझी निवडणूक आहे. "साहेबांना कालव्याबद्दल फार आस्था आहे, सिनेटरसाहेब."

मी त्याला स्वच्छ सांगितलं, "कालव्याचा आणि तेराझचा संबंध नाही."

"अजिबात नाही," तो म्हणाला. "म्हणूनच दोन्ही वेगवेगळं बोलतोय."

असल्या माणसांची मला शिसारी येते. पण पत्रंही निम्मी निम्मी येताहेत. हवाई दलाच्या तळाच्या गावाकडून येतात ती सगळी 'अध्यक्षांच्या पाठीशी उभे राहा' अशी. पूर्वेकडच्या चर्चमधून येतात ती 'पोरं परत आणा' अशी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दहा दिवस झाले, धड झोप नाही.

१४ ऑक्टोबर

पुढाऱ्यांनी जाहीर केलं की ठरावावर मतदान मंगळवारी, अठराला. रॉइस नेमका मिसिसिपीत.

मला क्षणभर उमगलंच नाही. मग उमगलं. मी मत देऊ शकत नाही.

फार हळहळ वाटली. इतक्या वर्षांतलं सर्वात मोठं मतदान, आणि मी शब्दानं बांधलेला. संध्याकाळी गोमांसाचा तुकडा आणि बटाटे खाल्ले, दोनदा वाढून घेतलं. सकाळी पुढे लिहितो आहे: रात्री नऊलाच अंथरुणावर पडलो आणि थेट सहाला जाग आली. इतकी गाढ झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती. दगदगीनं माणूस असा कोसळतो.

१५ ऑक्टोबर

शनिवार असूनही व्हर्लीन आली. हातात आमच्या मोजणीचा कागद. "सत्तेचाळीस पक्के, दोन डळमळीत, आणि तुम्ही," म्हणाली. "ते दोघे आले तर तुम्ही धरून पन्नास होतात. समोर एकोणपन्नास, कारण मिस्टर गॅडी नाहीत. म्हणजे होतंय, सिनेटर. होतंय!"

मग तिला जोडीचं सांगावं लागलं.

ती कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्ही तिथे असणार, पण मत देणार नाही?"

"शब्द दिलाय."

"कधी?"

"गेल्या मंगळवारी."

"आणि मला दिला होतात तो?"

मी म्हणालो, "व्हर्लीन, तो वेगळा." आता लिहिताना ते जरा तुसडं वाटतंय. पण तिलाही समजायला हवं. इतकी वर्षं या इमारतीत काढली आहेत तिनं. सिनेटरचा शब्द एकदा मोडला की त्याच्याकडे उरतं काय?

तिनं कागदाची घडी केली आणि म्हणाली, "मिस्टर गॅडींना फोन करून विचारा ना. सोडा म्हणावं मला. माणूस वाईट नाही तो."

"बायको टेबलावर पडलेली असताना?"

"शस्त्रक्रिया काल झाली. चांगली झाली. मी फुलं पाठवली ना तुमच्या नावानं."

मी बघतो म्हणालो.

१६ ऑक्टोबर

चर्चहून आल्यावर रॉइसला फोन लावला. दवाखान्यातूनच बोलला. आवाज थकलेला पण मोकळा. आम्ही हवेबद्दल बोललो, मग त्याच्या पेकानच्या झाडांबद्दल. मग मी म्हणालो, "मंगळवारी तेराझ येतंय."

"ऐकलं मी," म्हणाला. "ऑल्डन, माझं मत पक्कं आहे, तुला ठाऊक आहे. पण जोडी दिलीस तेव्हा आपल्या दोघांच्याही मनात हे नव्हतं. तू सोड म्हणालास तर मी तुला सोडीन. मनात काही ठेवणार नाही. तू विचारतोयस का मला?"

आता अशा वेळी माणसानं काय म्हणावं? पलीकडे बाई नळ्या लावून पडलेली. मी म्हणालो, "छे छे, भलतंच काय. मी आपला इमोजीनची चौकशी करायला फोन केला."

"बरं," तो म्हणाला. "ती बरी आहे."

सज्जन माणूस. अशा माणसाच्या चांगुलपणाचा फायदा घेणं मला जमणार नाही. उद्या व्हर्लीननं विचारलं तर सांगेन की बोलणं झालं, पण जमण्यासारखं नव्हतं. तिला तपशिलात नेण्यात अर्थ नाही.

१८ ऑक्टोबर

गॅलरी भरलेली. व्हर्लीनही वर बसली होती, कोट अंगातच.

ते दोघे डळमळीत आले. दोघेही 'होय' म्हणाले. एक तर थरथरत म्हणाला, पोरगेलासा माणूस, पहिलीच मुदत, राज्य सगळं लष्करी तळांचं. मला त्याचं कौतुक वाटलं.

माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि रीतीनुसार म्हणालो, "सन्माननीय सभासद गॅडी यांच्याशी माझी जोडी आहे. ते हजर असते तर त्यांनी 'नाही' असं मत दिलं असतं. मला मतदानाची मोकळीक असती तर मी 'होय' असं मत दिलं असतं. म्हणून मी माझं मत राखून ठेवतो."

एकोणपन्नास विरुद्ध एकोणपन्नास. बरोबरी झाली की ठराव पडतो.

नंतर बरेच जण येऊन हात मिळवून गेले, दोन्ही बाजूंचे. सिनेटमधल्या सर्वांत म्हाताऱ्या ससेक्सरनं तर मिठीच मारली. म्हणाला, "हे सभागृह अजून सभ्य माणसांचं आहे, हे तू दाखवलंस." वर बघितलं तर व्हर्लीनची जागा रिकामी होती.

२३ ऑक्टोबर

पहाटे माणसं उतरवली. अध्यक्ष टेलिव्हिजनवर म्हणाले, सिनेटनं काय तो कौल दिलाच आहे. कौल! बरोबरीला कौल म्हणतात का? मी तडकाफडकी निषेधाचं पत्रक काढायला सांगितलं. आम्हाला विचारलं नाही, ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली पाहिजे.

पत्रक टाइप करायला व्हर्लीन नव्हती. दहाच्या सुमारास दोन मरीन अधिकारी तिच्या दारी गेले होते, हे मला शेजारच्या ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं. धक्क्यावर उतरताना पहिल्याच होडीवर गोळा पडला. डॅरिन तीत होता.

पोराला मी पाळण्यात पाहिलं होतं. या ऑफिसच्या गालिच्यावर रांगलेला तो. देवा, काय करून बसले हे लोक.

२९ ऑक्टोबर

फ्रीमन, साउथ डकोटा. वारा असा की टोपी हातातच धरावी लागली.

लष्करानं मानवंदनेची तुकडी पाठवली होती. व्हर्लीनच्या वडिलांनी, नव्वदीचे असतील, कप्तानाला सांगितलं, "बंदुका कुंपणाच्या आत येणार नाहीत, बाळ. तुमचा राग नाही. पण आत नाही." कप्तान बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? शेवटी ती पोरं रस्त्यावर, मक्याच्या कापलेल्या शेताकडे तोंड करून उभी राहिली आणि तिथून तीनदा झाडल्या. दफनभूमीत कुणी मान वर केली नाही.

मग चर्चच्या तळघरात जेवण. हॅम, पाव, कॉफी, जर्दाळूचा कूखन केक. मला सगळ्यांत चांगली खुर्ची दिली. आजोबांनी शेजारी बसून विचारलं, "तुम्ही ते थांबवायला उभे होतात ना? व्हर्लीननं भाषण पाठवलं होतं. मी वाचलं."

"हो," मी म्हणालो. "एका मतानं गेलं."

"अरेरे," ते म्हणाले. "एका मतानं." आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी मलाच धीर दिला. असली माणसं आता राहिली नाहीत.

व्हर्लीन समोरच्या टेबलावर कॉफी ओतत होती. तिनं ऐकलं असावं. तिनं वर बघितलं नाही.

४ नोव्हेंबर

तेराझच्या खर्चाचं विधेयक आलं. मी 'होय' म्हटलं, खणखणीत. विरोध गेला चुलीत. आता पोरं तिथे आहेत, त्यांना गोळ्या आणि गरम कपडे तरी वेळेवर पोचले पाहिजेत. डॅरिनची आठवण ठेवूनच मत दिलं. मोजून सहा जण विरुद्ध गेले. त्यात तो थरथरणारा पोरगाही होता. लोकांनी त्याला उरू दिलं तर नशीब.

कॉटनवुड कालव्याची रक्कमही त्याच विधेयकात निघाली, कुठल्या तरी मागच्या पानावर. मला अगोदर कल्पना नव्हती. शेतकऱ्यांना पाणी मिळेल, एवढं तरी बरं घडलं या सगळ्यात.

रॉइस परत आला आहे. पेकानची पेटी दिली आणि म्हणाला, "इमोजीन आता जिना चढते." हल्ली जेवायलाही दुसऱ्या टेबलावर बसतो. बायकोच्या आजारपणानं माणूस विझतो.

१० नोव्हेंबर

व्हर्लीन आली. कामावर नाही, टेबल आवरायला. काळा स्वेटर, केस मागे बांधलेले, तीन आठवड्यांत दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी. डॅरिनचा फोटो पिशवीत ठेवला. नव्या मुलीला कुठं काय असतं ते दाखवलं, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांसकट.

मग आत आली आणि बसली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर ती न सांगता कधी बसली नव्हती.

"त्या दिवसाच्या कामकाजाचं पुस्तक वाचलं मी," म्हणाली. "'मला मोकळीक असती तर,' असं म्हणालात तुम्ही. कोणी अडवलं होतं?"

"ते शब्द रीतीचे आहेत, व्हर्लीन. तुला माहीत आहे. शंभर वर्षं सगळे तसंच म्हणतात."

"मिस्टर गॅडींनी मला फोन केला होता," ती म्हणाली. "डॅरिनचं कळल्यावर. रडत होते. म्हणाले, मी त्याला विचारलं होतं, तू सोड म्हणतोयस का, आणि तो नाही म्हणाला. ते त्यांना झोपू देत नाही. मी म्हटलं, तुमची चूक नाही."

मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. इमोजीनची प्रकृती, दवाखाना, प्रसंग कसला होता, अशा वेळी काय बोलावं आणि काय बोलू नये. शिवाय ठराव मंजूर झाला असता तरी अध्यक्षांनी माणसं उतरवलीच नसती असं कोण छातीठोकपणे सांगेल? ज्यांनी आम्हाला एका शब्दानं विचारलं नाही, त्यांना जाब विचारायचा सोडून आपण एकमेकांना विचारत बसलो, तर त्यांचं फावतं. मी बराच वेळ बोललो. मला वाटतं बरं बोललो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. उठली. पिशवी खांद्याला लावली.

"सिनेटर," म्हणाली, "डॅरिनला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं."

बाहेर गार पाऊस लागला होता. मी तिला विचारलं, टॅक्सी बोलावू का. ती नको म्हणाली.